मेंब्रेन बदलण्याआधी गेज लावा



आज ऊस नाही, कांदा नाही. आज ओट्याखालच्या आरओवर लिहायचंय आणि जरा रागानंच लिहिणार आहे. राग निम्मा मेकॅनिकवर आहे, निम्मा स्वतःवर.

"काका, मेंब्रेन गेलं." दोन वर्षांत हे वाक्य मी तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा मुकाट्यानं खिशात हात घातला. एकदाही विचारलं नाही की बाबा, गेलं म्हणजे नेमकं काय झालं? चोकअप झालं? फाटलं? कशावरून म्हणतोस? पोरगं मशीनसमोर उकिडवं बसायचं, टीडीएस मीटर गोड्या पाण्यात बुडवायचं, आकडा मला दाखवायचं आणि मान हलवायचं. आपण त्या आकड्याकडं असं बघायचं जसं काही डॉक्टरनं एक्स-रे उजेडाला धरलाय.

आणि हाच मी, पंधरा वर्षं ड्रिपवर ऊस करणारा माणूस. शेवटच्या लॅटरलला पाणी पोचत नसलं तर मी काय करतो? आधी फिल्टरच्या अलीकडचं आणि पलीकडचं गेज बघतो. दोन्हींत अर्ध्या किलोच्या पुढं फरक दिसला की बॅकवॉश. फरक नाही पण प्रेशरच कमी, तर मग फूटव्हॉल्व्ह, मोटर, कुठं मेनलाइन फुटलीय का ते. तुम्हीही हेच करता. उद्या कोणी बांधावर येऊन गेज न बघता "दादा, सगळ्या लॅटरल बदलाव्या लागतील" म्हणाला, तर आपण त्याला चहासुद्धा पाजणार नाही. मग घरात शिरल्यावर आपली अक्कल उंबऱ्याबाहेर चपलांजवळ राहते का?

आमच्या मशीनची गोष्ट सांगतो. ते आम्ही विकत घेतलेलं नव्हतं. पुतण्या पुण्यात राहतो, त्यानं नवीन घेतलं आणि जुनं मला दिलं. ओट्याखाली बसणारं, लोखंडी टाकीचं, चांगल्या कंडिशनचं. पुण्यात ते झकास चालायचं, मी स्वतः पाणी प्यायलोय. पाटसला आणून लावलं तर रात्रभरात एक कळशी भरायची मारामार. मशीन तेच, माणसं तीच, मग बदललं काय?

बदललं ते प्रेशर. पुतण्याचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आणि इमारत अकरा मजली. टाकी गच्चीवर. म्हणजे त्याच्या नळावर पंचवीस-सत्तावीस मीटर उंचीचं पाणी उभं. दहा मीटरला एक किलो धरलं तर अडीच किलोच्या वर प्रेशर त्याला फुकटात मिळत होतं. म्हणून त्या मशीनला पंपच नव्हता आणि तिथं कोणाला त्याची उणीवही भासली नाही. आमच्याकडं टाकी स्लॅबवर, चार फुटी स्टँडवर. ओट्याखालच्या नळापर्यंत उतार धरला साडेतीन मीटर. म्हणजे किलोच्या एक तृतीयांश. मेकॅनिकच्या भाषेत पाच पीएसआय. अहो, पाच पीएसआयवर ड्रिपरसुद्धा नीट टपकत नाही!

आता मेंब्रेनला किती लागतं ते बघा. बहुतेक घरगुती मेंब्रेनच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दिवसाला ७५ गॅलन, म्हणजे साधारण २८४ लिटर, हा आकडा कधी मिळतो, तर ५० पीएसआय प्रेशर, २५ अंश तापमान आणि २५० टीडीएसचं पाणी असेल तेव्हा. ५० पीएसआय म्हणजे साडेतीन किलो. ड्रिपला एक किलो पुरतं, याला साडेतीन. आणि २५० टीडीएसचं पाणी आपल्या विहिरींत कोणाला सापडलं तर कळवा, मी दर्शनाला येतो.

इथं थोडं शाळेतलं. पाण्यातलं मीठ पाणी धरून ठेवतं. मिठाच्या पाण्यातून गोडं पाणी पडद्यापलीकडं ढकलायचं तर आधी ती ओढ मोडावी लागते. अंदाज असा धरा, की दर १०० टीडीएसला एक पीएसआय. आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात १३०० जातं, म्हणजे तेरा पीएसआय नुसती ओढ मोडायलाच हवेत. माझ्याकडं होते पाच. याचा अर्थ मशीन बिघडलेलं नव्हतं. ते चालणं शक्यच नव्हतं. त्याच्यात सोन्याचं मेंब्रेन टाकलं असतं तरी तेच झालं असतं.

मग तीन मेंब्रेन टाकल्यावर मी गप्प का बसलो? कारण दोन वेळा खरंच फरक पडला होता. हे मला फार उशिरा उमगलं. ज्या दोन वेळा "बघा काका, सुधारलं" झालं, त्या दोन्ही वेळा कालव्याला आवर्तन सुटलेलं होतं. आवर्तन आलं की पाझरानं विहीर वर येते आणि टीडीएस ६०० च्या आसपास उतरतो. पाच पीएसआयवर थेंब-थेंब का होईना, पाणी येऊ लागतं. श्रेय मेंब्रेननं घेतलं, काम कालव्यानं केलं. आवर्तन बंद झालं की दोन महिन्यांत पुन्हा "मेंब्रेन गेलं".

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसलो. प्रेशर कमी असलं की पाणी नुसतं कमी येत नाही, खारटही येतं. गोडं पाणी प्रेशरच्या जोरावर पलीकडं जातं. मीठ मात्र प्रेशरकडं बघत नाही. ते एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी आहे, एवढ्यावरच हळूहळू झिरपत राहतं. म्हणजे प्रेशर निम्मं केलं तर गोडं पाणी निम्म्याच्याही खाली येतं, मीठ जवळपास तेवढंच राहतं. थोड्या पाण्यात तेवढंच मीठ, मग टीडीएस मीटर आकडा जास्त दाखवणारच. तो आकडा बघून पोरगं म्हणतं मेंब्रेन गेलं. त्याच्या पिशवीत टीडीएस मीटर आहे, प्रेशर गेज नाही. का नाही? दोन-तीनशे रुपयांची वस्तू आहे. कारण मेंब्रेन विकलं की त्याला काहीतरी सुटतं, गेज दाखवून "काका, मशीन चांगलंय, टाकी खाली आहे" म्हटल्यावर काय सुटणार? त्या पोराला मी शिव्या घालत नाही. त्याला ज्यानं शिकवलं त्यानं असंच शिकवलं. पण हा धंदा आपल्या अडाणीपणावर चाललाय आणि आपण अडाणी नाही, हे मला जास्त लागतं.

पैशाचंच असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. गेल्या उन्हाळ्यात लेक बाळंतपणाला आली होती. बाळ दीड-दोन महिन्यांचं झालं तेव्हा अंगावरचं दूध पुरेना, डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलं. ते कालवायला पाणी कुठलं? घरी आरओ आहे म्हटल्यावर आरओचंच. वर आमच्या सौ. ते उकळून घ्यायच्या, म्हणजे दुप्पट शुद्ध. आम्ही सगळे निर्धास्त.

त्याच दिवसांत मी शेताच्या पाण्याचा रिपोर्ट आणला होता. ईसी २ च्या वर. फाइलला लावताना मनात आलं, उसाला चालेल की नाही म्हणून दरवर्षी पाणी तपासतो आणि नातवाच्या बाटलीत तेच पाणी जातंय ते कधी तपासलं? (ईसीला ६४० नं गुणलं की अंदाजे टीडीएस निघतो, हे आपल्यातल्या कृषीवाल्यांना सांगायला नको.) दोन बाटल्या भरल्या, एक विहिरीची, एक आरओची, आणि प्रयोगशाळेत दिल्या. नायट्रेट विहिरीला लिटरमागं ७१ मिलिग्रॅम. आरओच्या पाण्याला ५२. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, मर्यादा ४५ आहे. टीडीएसला ५०० ची मर्यादा आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. नायट्रेटला ४५ च्या वर सूटच नाही. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर हे फार जपायचं असतं, कारण नायट्रेटमुळं रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, बाळ निळं पडू शकतं. उकळून नायट्रेट जात नाही. वाफ होते पाण्याची, नायट्रेट भांड्यात राहतं, उलट थोडं वाढतंच.

बाळाला काही झालं नाही. त्याच दिवशी पाणी बदललं, डॉक्टरांना दाखवलं, पोरगं ठणठणीत आहे. पण ती रात्र मी झोपलो नाही.

आता माझं पाप सांगतो. प्रेशर कमी आहे हे कळल्यावर मी बूस्टर पंप लावला का? नाही. घरात अर्ध्या एचपीची टिल्लू मोटर पडली होती. म्हटलं प्रेशर ते प्रेशर, याच्यासाठी कशाला खर्च करायचा. विहिरीपेक्षा गावच्या नळाचं पाणी त्यातल्या त्यात बरं, म्हणून टिल्लू सरळ नळाला जोडली आणि तिथून आरओला आणि टाकीला लाइन दिली. सकाळी तासभर पाणी सुटतं, त्या तासाभरात मी राजा.

चौथ्या दिवशी शेजारच्या काकू कळशी घेऊन दारात. त्यांचं घर लाइनीच्या शेवटाला. "आरं, तुझ्या मोटरीचा आवाज झाला की माझ्या नळाला नुसती हवा येती बघ." भांडल्या नाहीत, तेवढंच बोलल्या आणि आमच्याच टाकीतून कळशी भरून गेल्या. मी त्यांच्या वाटचं पाणी ओढून त्यांनाच वाढत होतो.

त्याच संध्याकाळी आरओचा पहिला फिल्टर उघडला. पांढरी कापसाची कांडी, नवीन टाकलेली. चार दिवसांत काळी कुळकुळीत आणि नाक धरावं असा वास. डोक्यात प्रकाश पडला. आमच्या वस्तीची लाइन काही ठिकाणी गटारीच्या कडेनं जाते, सांधे जुने. लाइनीत प्रेशर असलं तर सांध्यातून पाणी बाहेर गळतं, तेवढंच नुकसान. पण मोटरनं ओढ घेतली की लाइन आत चोखायला लागते आणि सांध्याबाहेर जे असेल ते आत येतं. मग ते एकट्या माझ्या फिल्टरमध्ये येत नाही. पूर्ण लाइनीत येतं, काकूंच्या कळशीतही. माझ्याकडं निदान फिल्टर होता. त्यांच्याकडं नळाला बांधलेलं फडकं.

म्हणून स्पष्ट बोलतो, राग आला तरी चालेल. नळाला मोटर लावणारा पाणी तर चोरतोच, शेजाऱ्याच्या पाण्यात गटारही कालवतो. "सगळेच लावतात, मी एकट्यानं काढली तर मला थेंब मिळणार नाही," हे उत्तर मला पाठ आहे, कारण मीही तेच दिलं होतं. उसाच्या पाटाला कोणी रात्री दारं फोडलं तर आपण सगळे काठ्या घेऊन उठतो. इथं रोज सकाळी दारं फुटतंय आणि सगळं गाव गप्प, कारण ज्याच्या त्याच्या घरात एकेक मोटर आहे. शहरांसाठीच्या १९९९ च्या केंद्रीय नियमावलीत एकमजली घरासाठी नळाला सात मीटर दाब धरला होता. सात मीटर म्हणजे दहा पीएसआय. उद्या आपल्याकडं तेवढा मिळाला तरी आरओला तो पुरणार नाहीच. म्हणजे नळाशी भांडून आरओ चालणार नाही. आरओचं प्रेशर आपल्या घरात, आपल्या टाकीनंतर तयार करायचं.

ते करायला लागतो तळहाताएवढा पंप. २४ व्होल्टचा, अडॅप्टरवर चालणारा, जुन्या पिवळ्या बल्बपेक्षा कमी वीज खाणारा. मला पंप आणि अडॅप्टर मिळून दोन हजारांच्या आत पडले. एका मेंब्रेनच्या आसपासची किंमत. बाजारातल्या बऱ्याच मशीनमध्ये हा पंप आतच असतो, पण "आवाज येतोय म्हणजे चालतोय" असं धरू नका. आतला पडदा ढिला पडला की पंप गुरगुरतो आणि प्रेशर देत नाही. नोझल न बघता नुसता मोटरचा आवाज ऐकून फवारणी चालू आहे असं म्हणतो का आपण?

मी जोडणी केली ती अशी. स्लॅबवरच्या टाकीतून लाइन आधी गाळ धरणाऱ्या फिल्टरला, म्हणजे वाळूचा कण पंपात जायला नको. मग लो प्रेशर स्विच, टाकी रिकामी झाली की पंप आपोआप बंद. मग पंप. पंपापुढं कार्बन, कारण पाण्यात टीसीएल पडलेलं असतं आणि क्लोरिन मेंब्रेनला खातं. मग मेंब्रेन. पंप आणि मेंब्रेनच्या मध्ये टी टाकून गेज. गोड्या पाण्याच्या टाकीच्या लाइनीवर हाय प्रेशर स्विच. हा मी पहिल्यांदा विसरलो होतो. टाकी भरली तरी पंप रात्रभर चालला आणि वाया जाणारं पाणी मोरीत धो धो.

एक वस्तू लोक फेकून देतात ती म्हणजे वेस्टच्या नळीतला बारीक रिस्ट्रिक्टर. पाणी वाया जाऊ नये म्हणून काही जण तिथं चिमटा लावतात, तर काही जण गोडं पाणी वाढेल या आशेनं तो काढूनच टाकतात. काढला तर प्रेशर तयारच होत नाही, मेनलाइनचा एंड कॅप उघडा ठेवल्यासारखं. आणि आवळला तर आपल्या जड पाण्यातला चुना मेंब्रेनवर बसतो, मग मेंब्रेन खरंच जातं. ड्रिपरवर बसतो तोच पांढरा थर. फरक एवढाच की तिथं अ‍ॅसिड सोडता येतं. मेंब्रेन जेवढ्याचं, त्याला जुळणारा रिस्ट्रिक्टर घ्या आणि हात लावू नका. वेस्टचं पाणी आम्ही ड्रममध्ये धरतो, गोठा धुवायला आणि संडासाला. तुळशीला आणि परसातल्या भाजीला नाही, ते आधीच्यापेक्षा खारट असतं.

पंप लावला त्या दिवशी गेज ६५ वर थांबलं. १२५० चं पाणी ९० वर आलं. मेंब्रेन तेच, "गेलेलं". पंधरा दिवसांनी पुन्हा बाटली तपासली, नायट्रेट १२.

आता दोन बाजूंनी ओरडा होणार हे माहीत आहे. एक म्हणणार, आजोबांनी विहिरीचं पाणी पिऊन ऐंशी वर्षं काढली. काढली ना. पण आजोबांच्या विहिरीशेजारी पन्नास वर्षांचा ऊस नव्हता. आडसालीला शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची. आपण किती टाकतो आणि त्यावर पाटानं किती पाणी सोडतो, हे ज्याचं त्यानं मनाशी म्हणावं. उसाला जे लागलं नाही ते कुठं गेलं? विहिरीत. ५२ चा तो रिपोर्ट माझ्या युरियाच्या गोण्यांची पावती होती.

दुसरे म्हणणार, पुणेकरांनी घाण सोडायची आणि आपण पंप लावायचे का? हा राग खरा आहे. खडकवासल्याचं गोडं पाणी आधी त्यांना, आणि मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेलं सांडपाणी बेबी कालव्यातून आपल्या बाजूला. पुतण्याच्या नळाला मी मीटर धरला होता, टीडीएस ९० निघाला. माझं मशीन मेहनत करून जे पाणी काढतं ते त्याच्या नळाला तसंच येतं आणि त्यावर तो आरओ लावून तीन बादल्या मोरीत सोडतो. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानं ५०० च्या खाली टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी घालायचे निर्देश दिले होते. पुतण्याला सांगितलं तर हसला. तर ते भांडण भांडायचंच, कालव्याच्या बैठकीत मीही असतो. पण ते मिटेपर्यंत बाळाच्या बाटलीत काय घालायचं?

कृषी सहायक, केव्हीकेचे लोक, ड्रिपचे डीलर हे पान वाचतात. तुम्हाला एक विनंती. शेतावर येता तेव्हा गेज खिशात असतंच. चहाला घरात आलात की एकदा ओट्याखाली वाका.

माझं गेज, टी आणि पाव इंची नळीचे दोन तुकडे एका डब्यात घालून ठेवलेत. पाटसमध्ये आणि आजूबाजूच्या वाड्यांवर कोणालाही न्यायचं असेल तर न्या. लावा, आकडा बघा, वीसच्या खाली असेल तर मेकॅनिकला सांगा, मेंब्रेन राहू दे. फक्त डबा परत आणा, मागच्या वेळी टी हरवला. टिल्लू मोटर काढून गोठ्यात ठेवलीय, ती मागू नका.